पंधरा अंश उत्तर, पंधरा अंश दक्षिण : गोव्यातून चालणारा आफ्रिकेचा किनारा

मागच्या बैठकीत मी दोराह्याच्या तहावर निबंध वाचला, तेव्हा शेवटी उत्साहाच्या भरात एक वाक्य बोलून गेलो. बाजीरावांनी भोपाळला निजामाला कोंडलं, त्यामुळे मराठ्यांची ताकद कोकणासाठी मोकळी झाली, वसई पडली, आणि वसई पडली म्हणून आफ्रिकेतलं मोझांबिकसुद्धा गोव्याच्या हातून गेलं. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी मात्र मंडळातल्या एक ज्येष्ठ ताई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, मोझांबिक गोव्याकडे होतं, हेच मला आज कळलं. पण वसईमुळे ते गेलं, याला आधार काय हो?"

खरं सांगायचं तर आधार माझ्याकडे नव्हता. १७३९ साली वसई आणि १७५२ साली मोझांबिक, ही दोन सालं माझ्या टिपणवहीत जवळजवळ होती. एकामागून एक आली म्हणून एकामुळे दुसरी, असं मी धरून चाललो. आपल्यासारख्या हौशी लोकांची ही नेहमीची चूक. म्हणून पुढचे काही महिने मी त्या किनाऱ्याचा भूगोल आणि कारभार समजून घेण्यात घालवले. हा लेख त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि माझ्या वाक्याची दुरुस्तीही.

आधी नकाशा

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मादागास्कर बेटाच्या समोर, मोझांबिक हा देश आहे. त्याला सुमारे अडीच हजार किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे. आज देशात दहा प्रांत आहेत, शिवाय राजधानी मापुतो शहराला प्रांताचा दर्जा आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे किनाऱ्याने उतरत गेलं की काबो देल्गादो, नांपुला, झांबेझिया, सोफाला, इन्यांबाने, गाझा आणि मापुतो असे सात प्रांत लागतात. नियासा, तेते आणि मानिका हे तीन आतल्या अंगाला. प्रांताखाली जिल्हे, जिल्ह्याखाली प्रशासकीय ठाणी आणि त्याखाली वस्त्या, अशी उतरंड आहे. आपल्या जिल्हा-तहसील-सर्कल यांची आठवण व्हावी, अशीच.

यातल्या नांपुला प्रांताच्या किनाऱ्याजवळ एक चिंचोळं बेट आहे. लांबी जेमतेम तीन किलोमीटर, रुंदी अर्ध्या किलोमीटरच्या आत. आपल्या बड्या तालाबाच्या एका काठाने सकाळी फिरून यावं, तेवढंच. या बेटाचं नाव मोझांबिक, आणि याच बेटावरून पुढे सबंध देशाला ते नाव मिळालं. १८९८ पर्यंत राजधानी इथेच होती, नंतर ती दक्षिणेला आजच्या मापुतोला गेली. १९९१ साली युनेस्कोने या बेटाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आता एक गंमत पाहा. पणजी साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मोझांबिक बेट पंधरा अंश दक्षिणेवर. विषुववृत्ताच्या घडीवर नकाशा दुमडला, तर दोन्ही जवळजवळ एकाच रेषेवर येतील. हा निव्वळ योगायोग नाही. मोसमी वाऱ्यांचा भरवसा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर साधारण इथपर्यंतच असतो. याच्या दक्षिणेला वारे आणि प्रवाह वेगळ्या शिस्तीने चालतात. म्हणजे हिंदुस्थानातून वाऱ्यावर बसून जिथपर्यंत निर्धास्त जाता येतं, त्या हद्दीवर हे बेट आहे. अरब आणि स्वाहिली व्यापाऱ्यांना हे पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

किनाऱ्यावर ठाणी, नदीवर बाजार

वास्को द गामा मार्च १४९८ मध्ये या बेटाला लागला आणि मे महिन्यात कालिकतला पोचला. त्यानंतर सात वर्षांनी, १५०५ मध्ये, पोर्तुगीजांनी दक्षिणेला सोफाला इथे किल्ला घातला. कारण होतं सोनं. आतल्या पठारावरचं, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या बाजूचं सोनं सोफाल्याच्या बंदरात उतरायचं. १५०७ मध्ये मोझांबिक बेटावर ठाणं झालं. पुढे १५५८ पासून तिथे सांव सेबास्तियांव हा मोठा दगडी किल्ला उभा राहू लागला. १६०७ आणि १६०८ अशी लागोपाठ दोन वर्षं डचांनी त्याला वेढा घातला, पण तो हाती लागला नाही.

सोफाल्याचं मात्र फारसं बरं झालं नाही. तिथे भरती-ओहोटीचा फरक प्रचंड आणि वाळूचे दांडे सतत सरकणारे. बंदर गाळाने भरत गेलं, किल्ला समुद्राने खाल्ला. मोठी जहाजं तिथे जाईनाशी झाली आणि कारभार मोझांबिक बेटावर सरकला. व्यापारही सरकला. सोन्याची नवी वाट झांबेझी नदीने जाऊ लागली. नदीच्या मुखाजवळ केलिमाने, वर सेना, आणखी वर तेते. तेतेच्या पुढे काओरा बासाचे धबधबे-खडक लागतात आणि होड्यांची वाट संपते. या टापूला पोर्तुगीज कागदांत "सेनाच्या नद्या" असं म्हणत.

म्हणजे प्रांत म्हणावा असा सलग मुलूख नव्हताच. किनाऱ्यावर शेकडो मैलांच्या अंतराने चार-पाच ठाणी, आणि एका नदीच्या काठाने आत गेलेली बाजारपेठांची एक माळ, एवढाच हा "प्रांत". नकाशावर रंग भरताना आपण सगळी जमीन एका रंगात रंगवतो, पण ताबा होता तो बंदरांचा आणि वाटांचा. मध्ये राहणारे माकुआ, तोंगा, कारांगा लोक आपापल्या राजांना मानत होते. १६९३ मध्ये चांगामिरे दोंबो नावाच्या राजाने पोर्तुगीजांना आतल्या पठारावरून जे हुसकलं, ते पुन्हा त्यांना तिथे पहिल्यासारखे पाय रोवता आले नाहीत.

हुकूम गोव्याचा

आता मूळ मुद्दा. या ठाण्यांवर हुकूम कोणाचा? लिस्बनच्या राजाचा, पण गोव्यामार्फत. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५३० मध्ये कोचीनहून राजधानी तिथे हलवली. केप ऑफ गुड होपच्या पलीकडे पूर्वेला पोर्तुगीजांचं जे जे काही होतं, त्या सगळ्याला मिळून "हिंदुस्थानचं राज्य" असं नाव होतं. त्याचा मुख्य गोव्याचा व्हाइसरॉय, आपल्या बखरींतला विजरई. मोझांबिकचा कप्तान या विजरईच्या हाताखाली. खजिन्याचा हिशेब गोव्याच्या खजिनदाराकडे, अपील गोव्याच्या वरिष्ठ न्यायालयात, फौज आणि दारूगोळ्याची मागणी गोव्याच्या राज्यसभेपुढे.

वसईचा कारभारही याच साच्यातला होता. दमण, वसई, चौल आणि मधला मुलूख, ज्याला आपण फिरंगाण म्हणायचो, त्याला पोर्तुगीज "उत्तरेचा प्रांत" म्हणत. तिथला जनरल वसईत राहायचा आणि तोही गोव्याच्या विजरईला उत्तरदायी. म्हणजे वसई आणि मोझांबिक ही एकाच घरातली दोन भावंडं. एक घराच्या अंगणात, दुसरं समुद्रापार.

चर्चचा कारभारही सुरुवातीला गोव्याच्या आर्चबिशपकडेच होता. १६१२ मध्ये मोझांबिकसाठी वेगळा धर्मप्रशासक नेमण्याची सोय झाली. राज्यकारभार वेगळा व्हायला त्यानंतर आणखी १४० वर्षं लागली.

वाऱ्याचं वेळापत्रक

या सगळ्या कारभाराचा खरा मालक वारा होता, हे मला हिशेब मांडल्यावर कळलं. तो हिशेब इथे देतो.

गोव्याहून आफ्रिकेकडे जायचं तर ईशान्येचा वारा लागतो, म्हणजे साधारण जानेवारीत निघायचं. परत यायचं तर नैऋत्येचा वारा हवा. पण जून-जुलैत मांडवीचं तोंड पावसाने आणि लाटांनी बंद असतं. म्हणून तिकडून ऑगस्टमध्ये निघून सप्टेंबरात गोव्याला लागायचं. वर्षाला एक जाणं, एक येणं.

समजा, ऑगस्ट १७०० मध्ये मोझांबिकच्या कप्तानाने एखाद्या अडचणीचं पत्र लिहिलं. ते सप्टेंबरमध्ये गोव्याला पोचलं. विजरईला स्वतः निर्णय घेता आला, तर उत्तर जानेवारी १७०१ मध्ये निघेल आणि फेब्रुवारीच्या सुमारास पोचेल. म्हणजे सहा महिने. हे झालं सोपं काम. पण बाब मोठी असली आणि राजाला विचारायचं ठरलं, तर? कागदोपत्री रीत पाळायची, तर पत्र जानेवारी १७०१ मध्ये गोव्याहून लिस्बनला निघणार आणि वर्षाच्या उत्तरार्धात पोचणार. लिस्बनची जहाजं हिंदुस्थानाकडे निघतात मार्च-एप्रिलात, म्हणजे उत्तर निघणार १७०२ च्या वसंतात. सप्टेंबर १७०२ ला ते गोव्यात. तिथून पुढच्या जानेवारीत निघून फेब्रुवारी १७०३ मध्ये मोझांबिकला. अडीच वर्षं! तोवर कप्तानाची मुदतच संपलेली असायची, कारण ती तीन वर्षांची होती.

आणि यातली खरी विसंगती अशी की, लिस्बनहून गोव्याला जाणारी जहाजं वाटेत बहुधा मोझांबिक बेटालाच पाणी भरायला थांबत. उशीर झाला, तर वारा निघून जायचा आणि अख्खं जहाज पुढच्या मोसमापर्यंत त्या बेटावर अडकून पडायचं. तापाने माणसं मरायची. म्हणजे त्याच बेटाचा हुकूम बेटाला वळसा घालून गोव्याला जायचा आणि तिथून शिक्का घेऊन परत यायचा.

गोव्याच्या पुराभिलेखागारात या पत्रव्यवहाराच्या बाडांचं नावच मुळी "मोसमांची पुस्तकं" असं आहे. कारभाराच्या दप्तराला वाऱ्याचं नाव! मला तरी दुसरं असं उदाहरण ठाऊक नाही.

कप्तान की मक्तेदार?

इतक्या लांबून कारभार कसा चालायचा? उत्तर आपल्याला ओळखीचं आहे : मक्त्याने. कप्तानपद ही तीन वर्षांची नेमणूक. त्याने गोव्याच्या खजिन्यात ठरलेली रक्कम भरायची आणि त्या बदल्यात सोफाला आणि नद्यांच्या व्यापाराचा मक्ता त्याचा. ठाण्यांचा खर्चही त्यानेच चालवायचा. आपल्याकडे इजाऱ्याने परगणा देत, तसंच हे. तीन वर्षांत भरलेले पैसे वसूल करून वर गाठीला बांधायचे, या घाईत प्रांताचं भलं बघणार कोण? किल्ल्याची डागडुजी, शिपायांचा पगार, नदीवरच्या व्यापाऱ्यांची गाऱ्हाणी, सगळं मागे पडायचं. तक्रार करावी तर ती वर सांगितलेल्या अडीच वर्षांच्या फेऱ्यात अडकायची.

हे दुखणं लिस्बनला लवकर कळलं होतं. १५७१ मध्येच राजा सेबास्तियांवने पूर्वेच्या राज्याचे तीन भाग केले. मध्ये गोवा, पूर्वेला मलाक्का आणि आफ्रिकेचा किनारा वेगळा. आफ्रिकेवर नेमला फ्रान्सिस्को बार्रेतो, जो आधी गोव्याचा गव्हर्नर राहिलेला होता. सोन्याच्या खाणी जिंकायला तो झांबेझीने वर निघाला. माणसं आणि घोडी तापाने गेली, आणि १५७३ मध्ये सेना इथे तो स्वतःही गेला. ती व्यवस्था टिकली नाही, किनारा पुन्हा गोव्याकडे आला.

ताईंच्या प्रश्नाच्या दृष्टीने हे साल फार महत्त्वाचं आहे. मोझांबिक वेगळं करण्याची कल्पना वसई पडण्याच्या १६८ वर्षं आधीची आहे.

कापड जातं, हस्तिदंत येतं

हा किनारा गोव्याला धरून होता तो केवळ हुकमाने नाही, कापडानेही. आफ्रिकेत सोनं, हस्तिदंत काहीही घ्यायचं तर मोबदल्यात नाणं चालत नसे. चालायचं ते सुती कापड आणि काचेचे मणी. कापड गुजरातचं. दीव आणि दमणच्या बंदरांतून ते निघायचं, आणि जंबुसरसारख्या गावांचे विणकर तिकडच्या आवडीप्रमाणे ते विणायचे. कोणत्या साली कोणता रंग, किती रुंदी खपेल, हे आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकाने ठरवायचं आणि गुजरातच्या मागाने ऐकायचं.

परतीच्या जहाजात हस्तिदंत असायचं. आफ्रिकी हस्तिदंत कापायला आणि कातायला चांगलं म्हणून इकडे त्याला मागणी होती. गुजरात, राजस्थान, माळवा या भागांत नवरीच्या हाती हस्तिदंती चुडा घालायची रीत होती. आपल्या भोपाळच्या जुन्या घरांत आजीच्या पेटीत असा पिवळट पडलेला चुडा कुणाकडे असेल, तर तो बहुधा समुद्र ओलांडून आलेला असेल, एवढं मनात ठेवावं.

त्याच जहाजांत माणसंही असायची, हे मात्र विसरून चालणार नाही. गुलाम म्हणून पकडलेली आफ्रिकी माणसं गोवा, दीव, दमणला आणली जात आणि तिथल्या श्रीमंत घरांत राबत. अठराव्या शतकात फ्रेंचांच्या मॉरिशसकडे आणि पुढे ब्राझीलकडे हा व्यापार फार वाढला. कापड आणि चुड्यांच्या गोष्टीत रमताना ही बाजू झाकली, तर आपण अर्धाच इतिहास सांगू.

१६८६ मध्ये विजरई काउंट आल्व्होर याने दीव ते मोझांबिक या व्यापाराचा मक्ता दीवच्या बनिया व्यापाऱ्यांच्या संघाला दिला. हा आल्व्होर आपल्या ओळखीचा आहे बरं का! १६८३ मध्ये संभाजी महाराज गोव्यावर चालून गेले, तेव्हा घाबरून सेंट झेवियरच्या शवपेटीशी आपला राजदंड ठेवणारा विजरई तो हाच. आपल्या पुस्तकांत त्याची गोष्ट तिथेच संपते. पण खजिना मोकळा झालेल्या त्या राज्याने तीन वर्षांनी आफ्रिकेचा व्यापार बनियांच्या हाती सोपवला, हे त्या गोष्टीशेजारी ठेवून वाचलं पाहिजे. हा मक्ता १७७७ पर्यंत चालला. कप्तान दर तीन वर्षांनी बदलत राहिले, पण दीवच्या पेढ्या पिढ्यानपिढ्या तिथेच होत्या.

एकच कायदा, वसईला आणि झांबेझीला

मला सगळ्यात जास्त चकित केलं ते जमिनीच्या कायद्याने. झांबेझीच्या काठी पोर्तुगीज राजा जमिनी देत असे त्या "प्राझो" म्हणून. मालकी राजाची, भोगवटा तीन पिढ्यांपुरता, बदल्यात वार्षिक खंड आणि गरजेला फौज. तिथली खासियत अशी की, जमीन स्त्रीच्या नावे दिली जायची आणि तिच्या मुलीकडे जायची. अट ही की, तिने पोर्तुगीज पुरुषाशी लग्न करावं. हेतू उघड होता, गोऱ्या वस्तीला मुळं धरायला लावायची. घडलं उलटंच. दोन-तीन पिढ्यांत ही घराणी आफ्रिकी होऊन गेली, त्यांच्या स्वतःच्या फौजा झाल्या आणि ती गोव्यालाही जुमानेनाशी झाली.

हा कायदा आधी कुठे वापरला होता? आपल्या उत्तर कोकणात. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि मुंबई-साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, आणि तिथली गावं अशीच मुदतीवर, खंडावर वाटली गेली. मुंबई बेट स्वतः काही काळ गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे खंडाने होतं. १६६५ मध्ये इंग्रजांनी मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा बेटाची मालकीण दोना इग्नेझ द मिरांडा नावाची बाई होती. मुंबईची मालकीण आणि झांबेझीची प्राझोवाली बाई, दोघी एकाच कायद्याच्या लेकी.

उत्तरेची कड ढासळते

आता काळाच्या ओघात पुढे येऊ. मोझांबिकच्या उत्तरेला, आजच्या केनियात, मोंबासा आहे. तिथला फोर्ट जीझस हा किल्ला १५९३ मध्ये बांधायला घेतला. मार्च १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी त्याला वेढा घातला. गोव्याहून कुमक गेली, पण वाऱ्याच्या वेळेने. जवळजवळ तेहतीस महिन्यांनी, डिसेंबर १६९८ मध्ये किल्ला पडला. १७२८-२९ मध्ये थोडा काळ तो परत मिळाला, तेवढंच. त्यानंतर पोर्तुगीजांचा आफ्रिकी किनारा काबो देल्गादोच्या दक्षिणेपुरता उरला. आजही मोझांबिकचा सर्वांत उत्तरेचा किनारी प्रांत त्याच भूशिराच्या नावाचा आहे. आजची सरहद्द त्या वेढ्याने आखायला घेतली, असं म्हणायला हरकत नाही.

मग आला आपला काळ. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाजीरावांनी निजामाला इथे भोपाळात कोंडलं आणि ७ जानेवारी १७३८ ला दोराह्याला तह झाला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला व्यंकटराव घोरपड्यांची फौज गोव्यातल्या साष्टीत शिरली होती. १७४० मध्ये चौलही गेलं. "उत्तरेच्या प्रांता"तलं दमणच काय ते उरलं.

मग १७५२ ला काय झालं?

१९ एप्रिल १७५२ च्या राजाज्ञेने मोझांबिक गोव्यापासून वेगळं झालं. फ्रान्सिस्को द मेलो ई कास्त्रो तिथला पहिला स्वतंत्र गव्हर्नर. आता तो लिस्बनला थेट लिहू लागला.

माझं जुनं वाक्य इथे तपासून पाहू. वसईमुळेच हे झालं असतं, तर ते १७४० च्या आसपास व्हायला हवं होतं. झालं बारा वर्षांनी. मधल्या काळात गोवा स्वस्थ बसला नव्हता. १७४४ ते १७५० च्या दरम्यानच्या विजरईने सावंतवाडीकर भोसल्यांकडून हळर्ण घेतलं आणि त्यावरून आपल्याला पदवी मिळवली. बदल झाला तो लिस्बनमध्ये. १७५० मध्ये नवा राजा जुझे गादीवर आला, त्याच्याबरोबर पुढे पोंबालचा मार्की म्हणून ओळखला जाणारा मंत्री आला, आणि सगळ्या वसाहतींचा कारभार थेट राजधानीच्या मुठीत आणायचं धोरण सुरू झालं.

दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. वसईचा वसूल गेल्यावर गोव्याला मोझांबिकच्या पैशाची गरज वाढली असणार, कमी नव्हे. घरातलं एक शेत गेलं, तर माणूस दुसरं घट्ट धरतो, सोडत नाही. म्हणजे वसई पडल्याने गोव्याने मोझांबिक सोडलं, हे तर्कालाही धरून नाही. लिस्बनने ते गोव्याच्या हातून काढून घेतलं.

मग वसईचा काहीच संबंध नाही का? आहे, पण मी म्हटलं तसा नाही. वसई गेल्यावर गोवा स्वतःचाच बचाव करण्यात गुंतला. दोन हजार कोसांवरचा किनारा सांभाळायची त्याची पत राहिली नाही, आणि ते लिस्बनला दिसत होतं. पण मूळ दुखणं अंतराचं होतं, मक्त्याचं होतं, अडीच वर्षांच्या पत्राचं होतं. ते १५७१ मध्येही होतं. मराठ्यांनी ते निर्माण केलं नाही. फार तर, ते झाकून ठेवणं गोव्याला अवघड केलं. यापुढे मी एवढंच म्हणेन.

हुकूम तुटला, धागे नाही

१७५२ नंतरही गोव्याची माणसं तिकडे जातच राहिली. पाद्री, कारकून, शिपाई, व्यापारी. म्हापशाकडचा मानुएल आंतोनियो द सौझा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झांबेझीकडे गेला. त्याने गोरोंगोझाच्या मुलखात स्वतःचं राज्यच थाटलं. तिकडे त्याला गोवेया म्हणत. १८९० मध्ये ऱ्होड्सच्या इंग्रज कंपनीने त्याला पकडलं, १८९२ मध्ये तो मेला. गोव्याचा एक माणूस आफ्रिकेत फौज बाळगून राज्य करतो, आणि आपल्या शालेय पुस्तकांत त्याचं नावही नसतं.

२५ जून १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झालं. प्रांत आणि राजधानी यांच्यातली जुनी ओढाताण मात्र नव्या रूपात दिसते. २०१९ पासून प्रांतांचे गव्हर्नर निवडून येतात, पण प्रत्येक प्रांतात राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला एक सचिवही असतो. लोकांचा माणूस आणि राजधानीचा माणूस, दोघं शेजारी. आपल्याकडे मुख्यमंत्री-राज्यपाल हा विषय ऐकणाऱ्यांना यात नवं काही वाटणार नाही.

त्याच २०१९ च्या मार्चमध्ये इडाई चक्रीवादळाने सोफाला प्रांतातलं बैरा शहर उद्ध्वस्त केलं. तेव्हा जवळ असलेली भारतीय नौदलाची जहाजं तिकडे वळवण्यात आली आणि त्यांनी लोकांना पुरातून बाहेर काढलं. त्या बातमीच्या वेळी मला सोफाला हे नाव फक्त ऐकीव वाटलं होतं. आज वाटत नाही.

शेवटी मंडळातल्या मित्रांना एक सुचवणं. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य घालवलं आणि "पोर्तुगेज-मराठे संबंध" लिहून ते कागद मराठी वाचकांपुढे ठेवले. गोव्याच्या राज्यसभेच्या बैठकींचे वृत्तान्तही त्यांनीच छापून काढले. आपण त्या वृत्तान्तांत शिवाजी, संभाजी, बाजीराव ही नावं शोधतो आणि बाकीची पानं उलटतो. यापुढे ती पानं उलटताना जरा थांबावं. ज्या मेजावर मराठ्यांच्या स्वारीची चर्चा झाली, त्याच मेजावर मोंबासाला जहाजं पाठवायची की नाही, हेही ठरत होतं. दोन्हींना पैसा एकाच पेटीतून जायचा आणि वारा दोघांसाठी थांबत नव्हता.

ताई, तुमच्या प्रश्नाबद्दल आभार. पुढच्या बैठकीत दोराह्याचा निबंध पुन्हा वाचायची वेळ आली, तर ते शेवटचं वाक्य त्यात नसेल.